रिकाम्या कॅमेऱ्यातला फोटो

सांगलीच्या एका वर्तमानपत्रात मी पंधरा वर्षं बातमीदार आणि छायाचित्रकार होतो. भुताखेतांच्या हकिगती टेबलावर आल्या की माझे दोनच प्रश्न असत – कुणी पाहिलं आणि पुरावा काय? उत्तर नसलं की कागद टोपलीत. आज माझीच हकिगत लिहितो आहे. पाहणारे आम्ही दोघं होतो. पुरावाही आहे... अडचण नेमकी तीच आहे.

१९४३ साल, दिवाळीनंतरचा आठवडा. एका व्यापारी मित्राची मोटार सांगलीहून त्याच्या पाचगणीच्या बंगल्यावर पोचवायची होती. पेट्रोल त्याचं. वाटेत डोंगरांचे फोटो काढता येतील म्हणून मी हो म्हटलं, आणि पत्नी उषाही निघाली. लढाईमुळे रोल मिळत नव्हते. माझ्याकडे एकच होता, आठ फोटोंचा. प्रत्येक फोटोची जागा आणि वेळ मी वहीत लिहीत असे.

वाई सोडल्यावर पसरणी घाटाच्या वरच्या वळणावर इंजिन तापलं. मोटार थांबवली. समोर पांडवगड, खाली कृष्णेचं खोरं. चार वाजून दहा मिनिटांनी आठवा फोटो घेतला. उषानं शालीनं ऊन अडवलं, मी रोल काढला, कागदी पट्टी चिकटवून खिशात ठेवला. कॅमेरा रिकामा झाला. हे दोघांनी पाहिलं.

मग गवताचा भारा घेऊन एक बाई चढ चढून आली. पन्नाशीची असेल. भारा मैलाच्या दगडाला टेकवून ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

"आवं सायेब, माजा येक फोटू काडा की."

"कशाला हो बाई?"

"लेकाला धाडायचाय. तीन वर्सं झाली पलटणीत जाऊन. मागल्या पत्रात लिवलंय – आये, तुजं त्वांड डोळ्याम्होरं येईना झालंय." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "आईचं त्वांड इसरलं मंजी कसं वो?"

आमच्या धंद्यात एक युक्ती होती. लोकांनी गळ घातली की रिकाम्या कॅमेऱ्याचा नुसता खटका दाबायचा. लोक खूश, फिल्म शिल्लक. मी म्हटलं, "उभ्या राहा."

उषानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाळली.

बाई विळा हातात धरून ताठ उभी राहिली. वाऱ्यानं पदर उडाला. उषानं बाजूनं हात लांबवून तो धरला. मी खटका दाबला. मग बाईनं कनवटीतून जुनं पाकीट काढलं. त्यावरचा मुलाचा पलटणीतला नंबर, पत्ता आणि तिच्या गावाचं नाव मी वहीत उतरवून घेतलं, खोटं पुरतं वठावं म्हणून.

पाचगणीला बंगल्याच्या दारात उषा एवढंच म्हणाली, "तो पोरगा तिकडं रोज टपालाची वाट बघेल. आणि तोवर त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

आठही निगेटिव्ह चांगल्या आल्या. आठही डोंगरांच्या.

दुसरा रोल मिळायला तीन महिने लागले. मिळताच आम्ही प्रवासी सर्व्हिस मोटारीनं बाईच्या गावी गेलो. घराशी पोचलो तर अंगणात बायका जमल्या होत्या. उषानं माझी बाही घट्ट धरली. दोघांच्या मनात एकच आलं होतं... उशीर झाला.

पण बाईच धावत आली. "आलं गं, फोटूवालं आलं! बाई, हे जरा वाचा. मास्तरांनी वाचलं, पर मला पुन्ना आयकायचंय."

लेकाचं पत्र होतं. उषा मोठ्यानं वाचू लागली. "आईस दंडवत. तुझा फोटो मिळाला. वाळलीस गं. विळा आपला जुनाच दिसतो. पण तुझा पदर कुणी धरलाय? नुसता हात दिसतो, घड्याळ घातलेला..."

उषा थांबली. तिच्या मनगटावर घड्याळ होतं. बायका तिच्याकडे बघत होत्या.

मी कॅमेरा उघडला. "आणखी एक काढू या, बाई."

"आता कशाला? पोचला न्हवं का!"

लढाई संपल्यावर मुलगा परत आला. आम्ही मुद्दाम गेलो. त्यानं खिशातून फोटो काढला. पोस्टकार्डाएवढा, घड्या पडलेला. मैलाचा दगड, भारा, विळा, उषाचा हात. खालच्या गवतावर एका माणसाची सावली – डोक्यावर टोपी, छातीशी कॅमेरा. मी कागद उलटून पाहिला. मागं कुणा स्टुडिओचा शिक्का नव्हता. पाकिटावरही पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, असं तो म्हणाला. तो आम्हीच पाठवलं असं धरून चालला होता.

"सातारा रोड टेसनावर गाडीतनं उतरलो," तो म्हणाला, "लय गर्दी. पर आईला लांबनंच वळखली."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. उषानं मान हलवली, नको म्हणून.

त्या आठ निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहेत. वहीतही आठच नोंदी. मुलाचा पत्ता शेवटच्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात. तो मी कुणाला दाखवला नव्हता. उषालाही नाही. तर्क सगळे करून झाले, एकही टिकला नाही.

एवढं मात्र खरं, त्यानंतर रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका मी कधी दाबला नाही.