भट्टी लपवून काढलेला भाव

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. पातेल्यातलं दूध नाकाशी नेल्याशिवाय ती दूधवाल्याला दारातून हलू द्यायची नाही. शिंप्याकडून उरलेल्या चिंध्या मागून आणायची आणि घरी त्या जोडून बघायची. नवरा गेल्यावर एकटीनं संसार रेटला तो या संशयाच्याच जोरावर, असं स्वतःच छाती ठोकून सांगायची. तिचा विश्वास होता तो फक्त धाकट्या बहिणीवर. आणि धाकटीचं तर काय, अक्का म्हणेल ती पूर्व दिशा!

आता दोघी मिळून घरातच चहा-केकचं छोटं दुकान काढणार होत्या. गल्ला अक्काकडे, भट्टी धाकटीकडे. चव होती ती धाकटीच्या हाताला. त्यासाठी तिनं शाळेतली बरी नोकरी सोडली होती. ती नसेल तर दुकान कसलं, नुसत्या चार भिंती.

वायरिंगचा अंदाज द्यायला वायरमन आला तेव्हा धाकटी बाहेर गेली होती. फौजदारीण तयारीतच होती. हे लोक मशिनं बघून भाव लावतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. झालं! विजेची नवीकोरी भट्टी मागच्या खोलीत ढकलली, तिच्यावर चादर आणि चादरीवर गाद्यांचा ढीग.

"एका वेळी काय काय चालणार, ताई?" वायरमननं विचारलं.

"फ्रिज, मिक्सर, दिवे. बस्स."

"भट्टी नाही?"

"भट्टी कुठली आलीय आम्हाला! केक बाहेरून आणणार."

त्यानं टेप लावून भिंती मोजल्या, खडूनं खुणा केल्या आणि भाव सांगितला. तो इतका कमी, की फौजदारिणीला संशयच आला. एवढं स्वस्त? नक्की हलकी वायर मारणार मेला! तिनं वायरीचा तुकडा मागून घेतला, वाकवला, नखानं सोलून बघितला.

"आणि ऐनवेळी बदललीत तर?"

"अहो ताई, तुम्ही सांगितलं तेवढ्या लोडला ही भरपूर झाली."

"मी सांगितलं म्हणजे? शब्दात पकडताय काय मला?"

तेवढ्यात धाकटी केकचे साचे घेऊन आत आली. "आलात का दादा? भट्टीची लाइन या कोपऱ्यात घ्या हं, मोरीजवळ. साचे धुता धुता मला लक्ष ठेवता येईल."

"कुठली भट्टी?" वायरमन म्हणाला.

"म्हणजे? अक्का, दाखवली नाहीस?"

गाद्या उतरल्या, चादर निघाली. वायरमननं उकिडवं बसून भट्टीच्या मागची, लोड लिहिलेली पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. "या वायरीवर ही लावली असती, तर जास्त लोडनं स्विच आपोआप सारखा पडला असता. मग कुणीतरी वैतागून न पडणारा मोठा स्विच बसवला असता, आणि वायर भिंतीतच जळाली असती. भट्टीपाशी कोण उभं राहणार होतं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"अगं, नंतर वेगळी लाइन घेणारच होते मी!" अक्का घाईघाईनं बोलली. कसली घेतेय! आहे त्याच प्लगात भट्टी खुपसायची, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. आता स्वतःचं खोटं तिचं तिलाच ऐकवेना.

धाकटी वायरमनकडे वळली.

"दादा, भट्टीसकट नवा भाव काढा. आणि बोलायचं ते माझ्याशी, हिच्याशी नको. वायर भिंतीत बुजवायच्या आधी मला हाक मारा. ही हो म्हणाली, तरी मी स्वतः येऊन बघणार."

नवा भाव दुपटीच्या वर गेला. ओट्याला टेकून उभ्या उभ्याच अक्काला रडू फुटलं. आजवर धाकटीनं तिचा शब्द कधी तपासून घेतला नव्हता.