भास्करची सकाळची नाडी

नवव्या फेरीला भास्कर पुन्हा ढेपाळला. सलग तिसरा आठवडा. मी त्याच्या मनगटावर बोटं टेकली, दहा सेकंदांचे ठोके मोजले, सहाने गुणले. एकशे छप्पन्न. जवळजवळ मी ठरवून दिल्याइतकेच.

"सर, पाय लोखंडाचे झाले. असं काऊन होऊन राह्यलं?"

मी त्याला खाली बसवलं आणि आकड्यांची वही पुन्हा उघडली.

मी मोताळ्याच्या एका शाळेत खेळशिक्षक होतो. भास्कर माझा जुना विद्यार्थी, रोहिणखेडकडच्या वांगी-मिरची लावणाऱ्या घरातला. पाच हजार मीटरच्या जिल्हा निवडीत आला, तर पोलीस भरतीत त्याला खेळाडूची जागा होती. पुढच्या वर्षी वयात बसला नसता. म्हणजे जे काही करायचं ते याच हंगामात.

दम वाढवायचा तर लांब पळायचं, पण बेतानं. तो बेत नाडी सांगते. जीव तोडून पळाल्यावरच्या नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची. उरेल त्याचे साठ टक्के पुन्हा विश्रांतीच्या नाडीत मिळवायचे. भास्करचे आकडे एकशे शहाण्णव आणि ब्याण्णव. म्हणून एकशे चोपन्न. गणित चार वेळा तपासलं, बरोबर होतं. मग ब्याण्णवच चुकले असणार. पण ते मी स्वतः पहाटे सायकलने त्याच्या घरी जाऊन मोजले होते. स्वतःवर संशय घ्यायला फार जड जातं.

तरी पुन्हा गेलो. मला पाहताच भास्कर अंथरुणातून धडपडत उठला, पाया पडला, विहिरीवरून ताजं पाणी घेऊन आला आणि मनगट पुढे करून उभा राहिला. पुन्हा ब्याण्णव. त्याची बायको कमल दारातून बघत होती.

"सर, तुम्ही आले का हे असेच पळतेत. नाडी ठंडी कशी राहीन?"

मी कपाळावर हात मारला. हातातलं घड्याळ काढून तिला दिलं, बोटं कुठे टेकायची ते दाखवलं. चार दिवस, सकाळी तो डोळे उघडेल तेव्हा, उठू न देता मोजायचं. सासूदेखत नवऱ्याचा हात धरायला ती लाजली, पण तिने मोजलं. चारही दिवस छप्पन्न.

नवा आकडा आला एकशे चाळीस. दहा सेकंदांत फक्त दोन-अडीच ठोके कमी. भास्करला ते रमतगमत पळणं वाटे. जोर लावू का, असं तो रोज विचारी आणि मी रोज नाही म्हणे. तिसऱ्या आठवड्यात तो नववी फेरी बोलत बोलत पळाला.

निवडीत तिघं घेणार होते. भास्कर शेवटच्या फेरीत दोघांना मागे टाकून दुसरा आला. मला रडू आवरलं नाही.

पुढे अनेक पोरं तयार केली. नियम एकच पाळला: विश्रांतीची नाडी मोजायला सरांनी जायचं नाही.