सोळा पाऊणे बारा

अख्ख्या सौदी अरेबियात समुद्राची शिकवणी घेणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायचा. सगळे त्यांना चाचा म्हणत. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. तेवीस वर्षं इथे काढलेली, बायको-मुलं गावी, दोन वर्षांतून एकदा रजा. माणसाने इतक्या वर्षांत निदान वाळवंटाची सवय करून घ्यावी की नाही? पण चाचांचं तोंड कायम समुद्राकडे. आम्ही राहायचो त्या कॅम्पपासून वीस मिनिटांवर किनारा होता आणि तिथे एका वळणावर तिवरांचं छोटंसं रान होतं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आपण गाडी थांबवून रडलो, असं चाचा कोणालाही, अगदी पहिल्या भेटीतसुद्धा, न लाजता सांगत. “अवो, आमच्या खाडीतलं तिवर! तेच पान, तीच चिखलातनं वर आलेली मुळं. मला वाटलं, घरचंच कोण तरी भेटाया आलंय.”

तेव्हापासून या तिवरांचं पालकत्व चाचांनी स्वतःकडे घेतलं. कोणी मागितलं नव्हतं, कोणी दिलं नव्हतं. स्टोअरच्या खिडकीशी हातमोजे मागायला गेलं की आधी प्रश्न यायचा, “तिवराची मुळं वर का असतात?” उत्तर आल्याशिवाय मोजे नाहीत. एकदा एक पठाण ड्रायव्हर गाडीच्या पंख्याचा पट्टा मागायला आला, तर त्याला अर्धा तास उभं करून हिंदीत सगळं समजावलं, की चिखलात हवा नसते म्हणून हे झाड मुळांनी श्वास घेतं, त्यावर गाडी घालू नये, त्याचं लाकूड कबाब भाजायला तोडू नये. पठाण बिचारा “ठीक है चाचा, नहीं तोडेगा, पट्टा तो दो” म्हणत घड्याळ पाहत होता. मॅनेजर बाहेर ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवत होता, ते वेगळंच.

आणि कचरा! पिकनिकला गेलेली मंडळी किनाऱ्यावर काय काय टाकून येतात ते चाचा शनिवारी त्यांच्या दाराच्या कडीला पिशवीत घालून अडकवून जायचे. कोणाचा कचरा हे त्यांना कसं कळे देव जाणे. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींच्या दाराला एकदा तिळगूळ समारंभाच्या चाळीस थर्माकोल प्लेटा लटकल्या होत्या, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: ‘आपली वस्तू विसरली होती.’ सेक्रेटरींनी महिनाभर त्यांना सलाम केला नाही. चाचांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण चाचांचं खरं स्वप्न वेगळं होतं. कंपनीतल्या घरांतली पोरं, जी आईबापांना मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देतात, ती एकदा ओहोटीला चिखलात उतरावीत, कुर्ल्या आणि तिवराची रोपं त्यांनी डोळ्यांनी बघावीत. “पोरांना ठावं झालं की झाड वाचलं,” हे त्यांचं साधं गणित. मी आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी घरोघर हिंडून पाच कुटुंबं पटवली. मी तेव्हा सडाफटिंग राहायचो. मुलगी दहावीला म्हणून बायको तिला घेऊन पुण्याला परतली होती. सुट्टीचा शुक्रवार खायला उठायचा, म्हणून मीही गेलो.

आता ओहोटीची वेळ कशी काढायची? चाचांच्या गावचा हिशेब पक्का. चंद्राची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. “आणि हितं तर सरकारी कॅलेंडरच चंद्राचं! भिंतीवर आयतीच तारीख, ह्या शुक्रवारी सोळावी. सोळा पाऊणे बारा. बाराला भरती, म्हंजे सकाळी सहाला खडखडीत ओहोटी. यल्ला, चला!”

सकाळी सहाला आम्ही पोचलो. समुद्र तुडुंब भरलेला. तिवरांचे फक्त शेंडे पाण्यावर. चाचा घड्याळाकडे बघतात, समुद्राकडे बघतात, पुन्हा घड्याळाकडे. पोरं आनंदाने पाण्यात घुसली, एका बाईंच्या सँडविचचा डबा तरंगत निघाला, सेक्रेटरींचा बूट वाहून गेला. त्यांनी मनातल्या मनात थर्माकोलचा सूड उगवला असणार, कारण त्या दिवशी प्रथमच ते चाचांकडे पाहून हसले. परतताना सगळी गाडी हसत होती. चाचा मागच्या सीटवर ओला पायजमा पिळत बसले होते. उतरताना एवढंच म्हणाले, “साहेब, चूक समुद्राची नाय. मी आमच्या गावचं घड्याळ ह्याच्या हातात बांधलं.”

दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. चाचांनी स्टोअरमधला एक जुना पाइप घेतला, त्यावर लाल रंगाने वीत वीत अंतरावर खुणा केल्या आणि तो चिखलात रोवला. मग वर्षभर, दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजापुरते उठून, हा माणूस तिथे बसून पाणी कुठल्या खुणेला किती वाजता लागलं ते वहीत लिहीत राहिला. उन्हाळ्यातसुद्धा! डोक्यावर ओला टॉवेल. वर्षाअखेर माझ्या खोलीवर येऊन विजयी मुद्रेने म्हणाले, “पाऊणपट करा, पाच तास मिळवा. खलास.”

हिशेब बरोबर निघाला, पण माणसं यायची ती आलीच नाहीत. एकदा भिजलेला माणूस पुन्हा कशाला जाईल? चाचा दर आठवड्याला दारोदार चिठ्ठ्या टाकत. सुपरमार्केटात लोक त्यांना पाहून साबणाच्या रांगेतून डाळींच्या रांगेत पळत. चार वर्षं मी एकटाच जात राहिलो. तिवरांच्या प्रेमाने नव्हे हो, खोलीतल्या भिंतीही तेच तेच बोलायला लागल्या होत्या म्हणून. पण चाचा मला एकट्याला उभं करून “मंडळी, हितं बगा” अशीच सुरुवात करायचे. मी आपला मंडळी होऊन बघायचो.

मग साठी आली आणि कायमचं मायदेशी परतायचा, फायनल एक्झिटचा कागद आला. शेवटच्या शुक्रवारी तरी पोरं यावीत म्हणून चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वीस जणांचा शिरा केला. मीही घरोघर जाऊन हात जोडले. सगळ्यांनी ‘बघू’ म्हटलं. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय ते मी जाणतो, चाचा जाणत नव्हते. ओहोटी वेळेवर आली. दुसरं कोणी आलं नाही. चाचांनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “मंडळी, हितं बगा.” मला त्या दिवशी मान वर करवेना. शिरा आम्ही दोघांनी उभ्यानेच खाल्ला. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि पाइपावर थाप मारली.

आता चिठ्ठ्या मी टाकतो. साबणाच्या रांगेतले लोक आता मला पाहून पळतात. दर शुक्रवारी किनाऱ्यावरून मी मोबाइलमध्ये रिचार्जचं कार्ड टाकून चाचांना फोन लावतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “किती जण आले?” मी खरं सांगत असे. पण एका शुक्रवारी त्यांचा आवाज फार थकलेला वाटला, म्हणून ठोकून दिलं, “सात! पाच तर पोरं!”

मग चाचा म्हणाले, “साहेब, पाच पोरं असती तर गलका आला असता. मला नुसतं पाणी ऐकाया येतंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “चाचा, तिथं तुमच्या दारात अख्खी खाडी आहे. मग दर शुक्रवारी इथली चौकशी कशाला?”

“हाय की. पण हितल्या पाण्याची वेळ शेंबड्या पोरालापण ठावं हाय. मला कोण इचारतो?” मग हळूच म्हणाले, “तुमी एक आला ना? मग झालं. मी चार वर्षं एकावरच चालवलं.”

ते म्हणाले, “फोन जरा पाण्याकडं धरा.” मी चिखलात पाइपाजवळ गेलो आणि कार्ड संपेपर्यंत फोन पाण्याकडे धरून उभा राहिलो.