गाळून सांगणारे चाचा

पालकसभा असली की चाचा आधी हात धुवायला बसायचे. सायकलच्या ग्रीसनं कोपरापर्यंत काळे झालेले हात रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे, मग साबण लावायचा, मग बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावायची. शाळेच्या गेटसमोरच्या त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या खोक्याला त्या वेळी कुलूप नसे. रस्ता ओलांडता ओलांडता कुणालाही सांगायचे, "दुकानाकडं ध्यान ठेव रे. सरायनं बोलावलं हाय."

सरांनी त्यांना कधीच बोलावलेलं नसायचं. त्यांचं स्वतःचं लेकरूही या शाळेत नव्हतं. एकुलती एक मुलगी केव्हाच लग्न होऊन बाभुळगावला गेलेली. तरी सभेत मागच्या बाकावर पहिला माणूस येऊन बसायचा तो म्हणजे चाचा.

दारव्ह्यातल्या आमच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांतून पोरी येतात, सरकारनं दिलेल्या सायकलींवर. त्या सगळ्या सायकली चाचांच्या हाताखालून गेलेल्या. त्यामुळं कुणाची आई कापूस वेचायला गेली, कुणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, हे त्यांना वर्गशिक्षकांच्या आधी कळायचं. रोजी बुडवून सभेला कोण येणार? सरांनी नाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही की मागून आवाज यायचा, "मी हाय ना सर."

"अहो चाचा, तुम्ही हिचे कोण?"

"मामा लिहा."

"आणि मघाच्या मुलीचे?"

"तिचा बी मामाच. मले बहिणी लय हायेत, सर."

सभा हसायची. सरही हसायचे आणि 'मामा' लिहून पुढं जायचे. तुमच्याही शाळेत असा एखादा मामा असेलच, आठवून पाहा.

माझाही तो मामा होता. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची, बाबा मार्केटात हमाली करायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी मान वर करून सांगते. बी.एस्सी., बी.एड. करून मी त्याच शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, त्या दिवशी चाचांनी माझ्या गाडीत हवा भरली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आता तू सरायच्या बाजूनं बसशीन. आमाले डोळे नको वटारू, बेटा."

सभेत ऐकलेलं चाचा संध्याकाळी घरोघर पोचवायचे. पण जसंच्या तसं कधीच नाही. सर म्हणायचे, "पाल्याला अभ्यासासाठी स्वतंत्र खोली द्या." चाचा तांड्यात सांगायचे, "बल्ब तिच्या पुस्तकाकडं करा." सर म्हणायचे, "हजेरी भरली नाही तर बोर्डाला बसू देणार नाही." चाचा सांगायचे, "धुणं रविवारी धुवा. बाकी दिवस पोरीले धाडा." दूध, बदाम, स्मार्टफोन, शिकवणी यातलं काहीच चाचांच्या तोंडून बाहेर पडायचं नाही.

मी एकदा त्यांना टोकलं. "चाचा, तुम्ही निम्मं सांगतच नाही."

"निम्मंच पुरे व्हते, बेटा. सगळं सांगतलं तर कोणी पोरगी धाडन का? बदामाचं आयकूनच बाप घाबरून जाईन."

सीमा त्या निम्म्यावरच दहावीपर्यंत आली होती. तांड्यातली पोरगी, आईबाप तोडीवर, घरी फक्त आजी. गणित कच्चं, विज्ञान पक्कं. तिला नर्स व्हायचं होतं. चाचांच्या बोटाला चेनच्या चाकाचा दात लागला की तीच दप्तरातून पट्टी काढून बांधायची आणि वरून दम द्यायची, "हात ओला नाही करायचा, चाचा. मी सांगून राह्यली."

"करत नाही, सिस्टर," चाचा म्हणायचे आणि लगेच ट्यूब पाण्यात बुडवायचे.

त्या वर्षी नवीन मुख्याध्यापक आले. शिस्तीचे. मोबाईलवर पालकांचा ग्रुप झाला, सूचनांवर सूचना सुरू झाल्या. जानेवारीत सूचना आली की मूळ पालक सभेला आल्याशिवाय दहावीचं हॉल तिकीट मिळणार नाही. मामा, काका चालणार नाहीत.

मी म्हटलं, "सर, सीमाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत."

"मॅडम, तुम्ही तुमचा तास घ्या."

चाचांनी वाद घातला नाही. सरांशी वाद घालायचा असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोक्याला कुलूप दिसलं. एसटी बदलत बदलत ते थेट उसाच्या फडावर गेले, मुकादमाच्या हातापाया पडले आणि सभेच्या दिवशी सीमाच्या बापाला घेऊन गेटवर हजर झाले. बापाला आत सोडलं. चाचा बाहेर कट्ट्यावर बसले, बाह्यांची बटणं लावलेली तशीच.

आत बापानं पहिल्यांदा सगळं ऐकलं. स्वतंत्र खोली, दूध, बदाम, स्मार्टफोन, शिकवणी. मग मुख्याध्यापकांनी सराव परीक्षेचे गुण मोठ्यानं वाचले. "सीमा, गणितात नापास. हजेरी कमी. पालक उभे राहा."

तो उभा राहिला. टोपी हातात.

"जन्म द्यायचा आणि ऊस तोडायला निघून जायचं, एवढीच का जबाबदारी?"

बापानं विचारलं, "सर, हे सारं नाही जमलं तर पोरगी पास नाही होणार का?"

"नाही होणार. आत्ताच लिहून घ्या."

त्यानं सही केली. ग्रुपवर टाकायला सर्व पालकांचा फोटो काढला, त्यात त्याला पुढं बसवलं. सीमाचं हॉल तिकीट मोकळं झालं.

मी त्याच्या मागं मागं गेटपर्यंत आले. चाचा कट्ट्यावरून उठले. "झालं ना भाऊ काम?"

"चाचा, पोरगी चांगली शिकून राह्यली म्हणे ना तुमी?"

"शिकूनच राह्यली."

"मंग सर खोटं बोलले का इतक्या लोकात?"

सर सांगतात ते पोरीच्या भल्याचं असतं, हेच तर ते इतकी वर्षं दारोदार सांगत आले होते. सर खोटं बोलले म्हणायला त्यांची जीभ उचलेना. मी बोलले, पुष्कळ बोलले. बाप माझ्याकडं पाहत नव्हता, चाचांकडं पाहत होता.

"नापासच व्हायची तर इथं ठेवून काय करू? तिकडं मायले हात तरी लागन."

"बापू, दोनच महिने राह्यले," बापाला पाहून वर्गातून धावत आलेली सीमा म्हणाली.

"चाल."

संध्याकाळच्या गाडीनं तो तिला घेऊन गेला. चाचा एसटीच्या खिडकीखाली उभे राहून सांगत होते, "पेपरापुरती धाडजो, भाऊ. मीच येतो घ्यायले."

आणि ते गेलेही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात परत कुलूप. पण टोळी तिथून दुसऱ्या कारखान्याकडं हलली होती. फोन लागेना. चाचा फडाफडांतून विचारत फिरले.

पहिल्या पेपरच्या सकाळी मी गेटवर होते. चाचा स्टँडवरून थेट आले, एकटेच. धुळीनं भरलेले. घंटा झाली, गेट बंद झालं.

"बेटा, तिचा बाक ठेवला का आत?"

"ठेवला, चाचा. नंबर चिकटवलाय."

"मीच आणलं ना त्याले इथं," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलणार, तर ते रस्ता ओलांडून गेलेही होते.

उन्हाळ्यात त्यांनी खोकं विकलं आणि लेकीकडं बाभुळगावला गेले. मी दोनदा फोन केला. माझ्या तब्येतीचं, आईचं विचारलं. शाळेचं एका शब्दानंही विचारलं नाही.

यंदा त्या तांड्यातून आठवीला एकही मुलगी आली नाही. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "तिकडं जाऊन पालकांना समजावून सांगेल, असं ओळखीचं कोणी आहे का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. खोक्याच्या जागी आता रसवंती लागते. उसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज तेवढा आत येत होता, आणि मधल्या सुट्टीतली पोरं पेले घेऊन रांगेत उभी होती.