गुणाजीदादाची झांज

माजिवड्याचा गुणाजी भोईर माझ्या डोंबिवलीच्या दुकानात पहिल्यांदा आला, तो सीपीयू चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण आमची ओळख त्याआधीची. दादाच्या बेंजो पार्टीत मी सात वर्षं ऑक्टोपॅड वाजवलेला. कुणाची हळद असो की टेंभी नाक्याच्या देवीची मिरवणूक, टेम्पोवर मोठ्या स्पीकरला टेकून दादा बेंजो वाजवायचा. अशी सव्वीस वर्षं. दिवसा महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी, संध्याकाळी पार्टी.

मग सगळीकडे डीजे आले. आमचा ढोलकीवाला वारला, ढोलवाले दोघे रिक्षा चालवायला लागले, मी दुकान टाकलं. दादा रिटायर झाला आणि घरात नुसता बसून राहिला. तेव्हा त्याच्या मुलीने, रुचिताने, आपला जुना कॉम्प्युटर त्याला दिला आणि गाणी बनवायचं सॉफ्टवेअर शिकवलं.

“सगळी पार्टी आता मी एकटाच वाजवतो, साईनाथ,” दादा म्हणाला. “ढोलकी, ढोल, झांज, सगळं. पण दहा ट्रॅक झाले की हे अडकतं. आणि आवाज दबका येतो. पुतण्याच्या हळदीत माझं गाणं लावलं, तर डीजेवाल्याने अर्ध्या मिनिटात बंद केलं. म्हणे, काका, कान फुटतील. एवढं दबकं गाणं, आणि याचे कान फुटतात!”

आम्ही दोघं हसलो. मीपण हसलेलो, हे आता आठवलं की बरं वाटत नाही.

मी रॅम आठची बत्तीस केली, जुनी डिस्क काढून एसएसडी टाकली. दोन महिन्यांवर रुचिताची हळद होती. तिच्यासाठी पूर्ण पार्टीचं गाणं करायचं दादाने ठरवलेलं.

पंधरा दिवसांनी फोन. “पळतंय मस्त. पण झांज कुठे गेली रे?”

मला वाटलं, आतलं साउंड कार्ड साधं आहे. बाहेरून लावायचं चांगलं कार्ड दिलं, नवे हेडफोन दिले. आठ दिवसांत परत फोन. “नाय येत झांज. तूच काहीतरी चुकीचं बसवलंयस.”

राग आला मला. रविवारी सकाळी थेट माजिवड्याला गेलो.

शेवंतीवहिनीने दार उघडलं. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता. “सर्दी झाली काय?” मी विचारलं. तिने आतल्या खोलीकडे बघितलं आणि पाणी आणायला गेली.

दादाने रोजचे स्पीकर बंद करून माझ्यासाठी हेडफोनवर गाणं लावलं. मी हेडफोन घातले आणि लगेच ओढून काढले. झांज सुईसारखी कानात घुसत होती. स्क्रीनवर बघितलं तर तिचा आवाज आणि ट्रेबल, दोन्ही शेवटपर्यंत चढवलेले. मी ते खाली आणले. मग बाकीचे सगळे ट्रॅक बंद करून एकटी झांज चालू केली आणि हेडफोन दादाच्या कानाला लावले.

“लाव ना,” दादा म्हणाला.

“लागलीय, दादा.”

“कुठे?”

मी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला धरली. झांज छान वाजत होती. स्क्रीनवर आवाजाची हिरवी पट्टी तिच्या ठेक्यावर वर-खाली होत होती. दादा त्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने वहिनीला हाक मारली.

“शेवंती, ही झांज तुला ऐकू येते?”

तिने कापूस काढला. “तीन महिने ऐकतेय.”

“मग बोलली का नाय?”

“काय बोलू? पार्टी मोडल्यापासून तुमाला असं खुशीत बसलेलं बघितलं नव्हतं.”

दादाने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बंद केला.

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. तपासणी झाली. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून गेलेले होते. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं जरा स्पष्ट होईल, पण गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “मोठ्या आवाजात काम होतं का तुमचं?”

“पाणीखात्यात होतो,” दादा म्हणाला. बेंजोचं नाव त्याने काढलं नाही. मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

रुचिताच्या हळदीचं गाणं शेवटी झालं. बेंजो दादाने वाजवला, बाकीचं मी दुकानात बसून जुळवलं. मांडवात गाणं लागलं तशी सगळी आळी नाचायला आली. वहिनीसुद्धा नाचली. दादा खांबाजवळ उभा राहून लोकांच्या पायांकडे बघत होता. हळदीने माखलेली रुचिता धावत आली आणि त्याच्या कानाशी ओरडली, “बाबा, कसलं भारी झालंय!”

“हो गं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. मला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

लग्नानंतर मी दोनदा फोन केला, नवीन काहीतरी करू म्हणून. दोन्ही वेळा वहिनीने उचलला.

“झोपलेत,” ती म्हणाली.

सकाळचे अकरा वाजले होते.