हव्वाबीच्या हातावरचा डाग

पनवेलची हव्वाबी तुंबड्या लावायची. पाठ धरली, छातीत सर्दी बसली की आसपासच्या मिठागरांतली माणसं तिलाच बोलावीत. दुखऱ्या जागी कणकेच्या गोळीवर पेटती वात ठेवून ती पितळी लोटी त्यावर उपडी घाली. वात विझे, कातडी आत ओढली जाई आणि लोटी काढली की तिथं काळानिळा गोल डाग उठलेला असे. डाग म्हणजे आतला रोग वर आला आणि डाग उठेनासा झाला म्हणजे रोग संपला, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. वीस वर्षं हव्वाबीनं हेच ठणकावून सांगितलं. बाई मोठी ताठ! कुणी शंका काढली की लोट्या गुंडाळून सरळ चालू लागायची.

चौपन्न साली रोडपालीच्या जगनला ताप भरला. मिठागरातला दांडगा गडी, पण बरगडीत अशी कळ की धड श्वास घेववेना. त्याची बायको वेणू हव्वाबीला घेऊन आली. पहिल्याच दिवशी आठ डाग उठले, काळेकुट्ट, आणि घरच्यांना धीर आला. तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, तेव्हा वेणूनं भीत भीत विचारलं, पनवेलला डॉक्टरकडे न्यावं का? झालं, हव्वाबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. न्यायचं तर खुशाल ने, पण मग मला परत हाक मारू नकोस, असं तिनं सुनावलं. वेणूनं नवऱ्याची पाठ पुन्हा उघडी करून दिली.

सहाव्या दिवशी सकाळी हव्वाबीनं लोट्या काढल्या आणि घाईघाईनं जगनचा हात हातात घेतला. पाठीवर नवा डाग एकही नाही. जगनची बोटं गार पडली होती, नखं निळी झाली होती.

दारातली वेणू मात्र हसली, सहा दिवसांत पहिल्यांदा. शेजारणी गोळा झाल्या, कुणी देवाला नारळ काढून ठेवला. वेणूनं नवऱ्यासाठी चुलीवर पेज चढवली.

गाडी जुंपा, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, म्हणून हव्वाबी ओरडू लागली. कुणी हलेना. जगनचा बाप काशिराम म्हणाला, डाग नाय म्हंजे रोग नाय, हे तूच सांगत आलीस ना? मग बऱ्या झालेल्या पोराला गाडीत हादरे कशाला? ती त्याच्या पाया पडली, तरी म्हातारा ढिम्म. तिचेच शब्द तिच्यावर उलटले होते.

शेवटी तिनं वात पेटवली, स्वतःच्या डाव्या दंडावर ठेवली आणि वर लोटी दाबली. सगळ्यांदेखत काढली. दंडावर काळा गोल उठला होता.

"बघा," ती म्हणाली. "माला काय रोग हाय? धडधाकट मानसाला पन उठतो हा. याला उठत नाय म्हंजे याचं रगतच थंडावलंय. मी ल्हान व्हते तवा मांडीला लोटी लावून बघितलेली, तवा पन डाग उठलेला. आयनं चापट मारली नि कुनाला सांगू नको म्हनाली. आता तरी गाडी जुंपा."

काशिरामनं बैल जुंपले. हव्वाबी गाडीत बसून जगनचे तळपाय घासत राहिली. कळंबोली मागं पडली, पनवेल आलं, पण पाय काही गरम होईनात. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पाठीवरचे जुने गोल पाहिले आणि फार उशीर केलात म्हणाले. दुपारी जगन गेला.

हव्वाबीनं लोट्या पुन्हा हातात धरल्या नाहीत. महिन्याभरानं मन घट्ट करून ती रोडपालीला वेणूच्या दारात गेली. वेणू शिव्या देईल, हाकलून लावील, याची तयारी करूनच गेली होती. पण वेणूनं बसायला गोणपाट टाकलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि हव्वाबीच्या दंडाकडे बघितलं. डाग केव्हाच विरून गेला होता.

"मावशे," वेणू म्हणाली, "त्या दिशी हात दाखवलास, तो तिसऱ्या दिशी दाखवाचा व्हता."

हव्वाबीला ते पाणी काही पिववलं नाही.