सरळ केलेलं अक्षर

पेंटरकाकांनी तीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण एवढा घोर त्यांना कुठल्याच कामाने लावला नव्हता.

गॅरेजवाल्याने वडिलांची जुनी गाडी विकायला काढली होती. त्याआधी बॉनेटवरची, गाडीच्या नावाची पितळी अक्षरं त्याला भिंतीवर दोन-दोन हात उंच रंगवून हवी होती. काकांनी कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. शेवटचं अक्षर जरा कलंडलेलं होतं. ते त्यांनी सवयीने सरळ केलं आणि काम झाल्यावर ठसा फेकून दिला.

भिंत बघायला गॅरेजवाल्याची आई आली. "ते शेवटचं अक्षर तुटलं होतं. आमच्या ह्यांनी स्वतः पत्रा कापून नवं बसवलं होतं," ती म्हणाली. "हे काही ह्यांचं नाही."

काकांनी पुन्हा ठसा घ्यायला गाडी मागितली. गाडी तर केव्हाच विकली जाऊन परगावी गेली होती. त्यांनी अक्षर पुसून तीनदा काढलं, पण मुरलेला हात तिन्ही वेळा सरळच गेला. शेवटी त्यांनी खडू तिच्या हाती दिला. "आई, तुम्हीच काढा."

तिने काढलं. काकांनी त्या रेघेबरहुकूम रंग भरला.

तिने मागे सरून बघितलं. "असंच होतं ना हो?"

काकांना अक्षर कलंडलेलं होतं एवढंच आठवत होतं; कुठल्या बाजूला, ते नाही.